होमबिल्ट विमानाचा स्टार्टर पुन्हा पुन्हा जातोय? नवा मागवण्याआधी हे तपासा

किल्ली फिरवली की फायरवॉलच्या (कॉकपिट आणि इंजिन यांच्यामधल्या भिंतीच्या) पलीकडून 'खट्' असा आवाज येतो, प्रॉप (पुढचा पंखा) जेमतेम पहिल्या कॉम्प्रेशनपर्यंत जातो आणि तिथेच अडतो. दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर कसाबसा फिरतो, इंजिन धरतं, आणि आपण तो विषय विसरतो. पुढच्या थंडीत पुन्हा तेच. मग नवा स्टार्टर, म्हणजे इंजिनला सुरुवातीला फिरवणारी विजेची मोटर, येतो, काही महिने सगळं झकास चालतं, आणि एके दिवशी नव्याचंही नाक, म्हणजे पुढचं हाउसिंग, तडकतं किंवा तोही कण्हायला लागतो.

एकदा गेलेला स्टार्टर म्हातारपणाने गेला असेल. पण दुसराही गेला, तर दोष स्टार्टरच्या बाहेर आहे असं धरून चालावं. हॅंगरमध्ये मदतीला बोलावतात तेव्हा मी आधी मल्टीमीटर काढतो, पाना नंतर. बहुतेक वेळा पान्याची गरज लागते ती केबलच्या टोकाला, स्टार्टरला नाही.

पुढचं सगळं मुख्यतः लायकॉमिंगच्या ओ-३२० आणि ओ-३६० इंजिनांबद्दल आहे, कारण व्हॅन्स कंपनीच्या घरी बांधायच्या आरव्ही मालिकेतल्या विमानांवर बहुतांशी हीच किंवा यांची भावंडं दिसतात. रोटॅक्स इंजिनवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय. मी अमेरिकेतल्या नियमांच्या चौकटीत लिहितोय: एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट (हौशी लोकांनी स्वतः बांधलेल्या) वर्गातल्या विमानावर इथे मालक स्वतः काम करू शकतो, पण दर वर्षीच्या कंडिशन इन्स्पेक्शनवर (विमान उडवण्याजोगं आहे का याच्या तपासणीवर) सही करायला रिपेअरमन सर्टिफिकेट असलेला बांधणारा किंवा ए अँड पी (एअरफ्रेम आणि पॉवरप्लांटचा परवाना असलेला) मेकॅनिक यांच्यासारखा पात्र माणूस लागतो. भारतात सगळा मामला डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानगीने चालतो. कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना नोंदणीसाठी किती वर्षं झगडावं लागलं ते आपण वाचलंच आहे. तिथे असाल तर आधी कागद, मग पाना.

प्रॉपजवळ जाण्याआधी

मॅग्नेटोचा (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचा) स्विच 'ऑफ' करणं म्हणजे त्याचा पुरवठा तोडणं नव्हे. मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. स्विच त्याला फक्त पी-लीडमधून (स्विच आणि मॅग्नेटो जोडणाऱ्या वायरीतून) ग्राउंड करून गप्प बसवतो. ती पी-लीड कुठे तुटली असेल तर किल्ली खिशात असूनही मॅग्नेटो जिवंत असतो. म्हणून प्रॉप हाताने फिरवायचा असेल तर प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढल्याशिवाय फिरवू नका. कॉम्प्रेशनच नसेल तर इंजिन धरणार नाही.

व्होल्टेजच्या चाचणीला मात्र पूर्ण कॉम्प्रेशन हवं, नाहीतर स्टार्टरवर खरा भार येत नाही. तेव्हा प्लग जागेवर ठेवा, मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) पूर्ण मागे ओढा, इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करा, शेपूट बांधा, चाकांना ठोकळे लावा. मीटरच्या वायरींना चिमटे जोडून त्या लांब करा आणि मीटर कॉकपिटमध्ये मांडीवर घ्या. काउलिंग (इंजिनवरचं आवरण) उघडून प्रॉपशेजारी उभं राहून मीटर वाचणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका. मीटरला मिन-मॅक्सचं बटण असेल तर उत्तम, कारण सगळी गंमत पहिल्या अर्ध्या सेकंदात होते.

व्होल्टेज वाटेत कुठे गळतं

प्रवाहाची वाट सरळ आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून मास्टर कॉन्टॅक्टर (विमानाची सगळी वीज चालू-बंद करणारा मोठा रिले), तिथून स्टार्टर कॉन्टॅक्टर, तिथून जाड केबलने स्टार्टर. परतीला स्टार्टरच्या अंगातून इंजिनच्या केसमध्ये, तिथून ग्राउंड स्ट्रॅपने फायरवॉल आणि मग बॅटरीचा निगेटिव्ह. या वाटेवर प्रत्येक लग (केबलच्या टोकाची कडी), प्रत्येक क्रिंप (दाबून केलेली जोडणी), प्रत्येक नटाखालचा रंग आपला कर वसूल करतो.

आकडा लक्षात ठेवायचा तो असा: २०० अँपिअर वाहत असताना अवघा ५ मिलीओहम अडथळा पूर्ण १ व्होल्ट खातो. एवढा छोटा रोध साध्या मीटरच्या ओहम रेंजवर दिसतच नाही. तिथे सगळं 'शून्य'च दिसतं. म्हणून "कंटिन्युटी तर बरोबर आहे" हे वाक्य स्टार्टरच्या बाबतीत काहीच सांगत नाही. भार असतानाचाच व्होल्टेज मोजायला हवा.

आधी बॅटरी. रात्रभर शांत ठेवलेली भरलेली एजीएम (सीलबंद शिशाची) बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. किल्ली धरून ठेवली असताना बॅटरीच्या खुद्द खांबांवर (टर्मिनलांवर) १० च्या वर राहिली पाहिजे. ९ च्या खाली गेली तर बॅटरी बदला किंवा ती नीट चार्ज होतेय का ते पाहा. पुढची चाचणी त्यानंतर. आरव्हीमध्ये सर्रास दिसणारी पीसी६८० ही जेमतेम सात किलोची बॅटरी आहे. तरुणपणी फार दमदार असते, पण म्हातारी होताना आधी सांगत नाही. रेडिओ, दिवे, स्क्रीन सगळं व्यवस्थित चालू राहतं, फक्त प्रॉप फिरत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर कडाक्याच्या थंडीत पहिला झटका कमजोर येणं हा तिचा स्वभाव आहे. प्रवाह वाहिला की ती आतून गरम होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुधारते. त्यावरून स्टार्टरला नावं ठेवू नका.

बॅटरी बरी निघाली की मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं स्टार्टरच्या मोठ्या खांबावर लावा. किल्ली सोडलेली असताना इथे बॅटरीएवढाच आकडा दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. क्रँक करताना, म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवत असताना, जो आकडा दिसतो तो वाटेत गळलेला व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. एक किंवा जास्त असेल तर एकेक टप्पा वेगळा मोजा: मास्टर कॉन्टॅक्टरच्या दोन खांबांमध्ये, स्टार्टर कॉन्टॅक्टरच्या दोन खांबांमध्ये, मग प्रत्येक केबलच्या टोकापासून टोकापर्यंत. मीटरचं टोक लगवर नाही, खांबावर टेकवा. लगवर टेकवलं तर लग आणि खांब यांच्यामधलाच दोष मोजायचा राहून जातो. चांगला कॉन्टॅक्टर ०.१ ते ०.२ च्या वर खात नाही.

आता परतीची वाट: एक टोक इंजिनच्या केसवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोषी सापडला म्हणा. घरी बांधलेल्या विमानांत माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त चुका याच बाजूला असतात. कारण सोपं आहे: पॉझिटिव्हची केबल सगळे मन लावून ओढतात, आणि ग्राउंड "कुठेतरी फ्रेमला" जोडून मोकळे होतात. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि फ्रेम यांच्यात विजेची वाट आपोआप तयार होत नाही. स्वतंत्र जाड पट्टी हवीच, आणि तिच्या दोन्ही टोकांखाली प्राइमर, पावडर कोट, अॅनोडायझिंग काहीही नको. धातू चकाकेपर्यंत खरवडा, जोडा, आणि मग वरून गंजरोधक लावा.

ही पट्टी सैल असली तर प्रवाह दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या केबलींची तारेची आवरणं. काही वेळ क्रँक केल्यावर थ्रॉटल केबल कोमट लागली, जड सरकायला लागली किंवा जळका वास आला, तर तिथेच थांबा. त्या दिवशी उड्डाण नाही. ती केबल आतून वितळलेली असू शकते आणि ती हवेत अडकली तर काय होईल ते सांगायला नको. ग्राउंड दुरुस्त करा आणि तापलेली केबलही बदला.

लवकर खात्री करायची असेल तर गाडीची जम्पर केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या केसला पक्कं लावा, माणसं बाजूला करा आणि क्रँक करा. प्रॉप एकदम तरतरीत फिरला तर नव्या स्टार्टरचे पैसे वाचले.

केबलच्या जाडीबद्दल एकच हिशेब पुरे. ४ गेज तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.८ मिलीओहम, २ गेजचा सुमारे ०.५. बॅटरी फायरवॉलवर असेल तर फरक किरकोळ. पण आरव्ही-१० सारखी बॅटरी मागे असलेली विमानं, किंवा लाँग-ईझीसारखी फायबरची, जिथे फ्रेममधून परतीची वाटच नाही, तिथे जाण्या-येण्याची मिळून ८ मीटर केबल सहज होते. २०० अँपिअरला ४ गेजमध्ये सव्वा व्होल्टच्या वर जातो, २ गेजमध्ये ०.८. वजन वाचवायला पातळ केबल टाकायची आणि मग दर दोन वर्षांनी स्टार्टर घ्यायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

कॉन्टॅक्टरबद्दल जाता जाता: मास्टरसाठी सतत चालणारा आणि स्टार्टरसाठी थोडा वेळ चालणारा असे दोन प्रकार असतात आणि डबे दिसायला अगदी जुळे. कॉइलचा रोध मोजा. सुमारे १५ ओहम असेल तो मास्टरचा, ३-४ ओहम असेल तो स्टार्टरचा. अदलाबदल झाली असेल तर मास्टरच्या जागचा तापून एक दिवस मान टाकतो. कॉइलवर उलटा डायोड आहे का तेही पाहून घ्या. नसेल तर किल्ली सोडताना उडणारी ठिणगी किल्लीच्या स्विचचे संपर्क खात राहते.

नाक तुटतंय, पिन तुटतेय, दाते उडतायत

स्टार्टर हळू फिरण्याऐवजी मोडत असेल, म्हणजे पुढचं अॅल्युमिनियमचं हाउसिंग तडकणं, शिअर पिन (जास्त भार आला की मुद्दाम तुटणारी पिन) कापली जाणं, पिनियनचे (स्टार्टरच्या छोट्या दातेरी चाकाचे) दाते उडणं, तर त्याचं कारण जवळजवळ नेहमी किकबॅक असतं. इंजिन उलटं लाथ मारतं आणि ती लाथ पिनियनवर बसते.

या इंजिनांत ठिणगी साधारणपणे पिस्टन वर पोचण्याच्या २५ अंश आधी पडते. २४०० आरपीएमला हे २५ अंश पार व्हायला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत, त्यामुळे ज्वाला पसरून दाब वाढेपर्यंत पिस्टन माथा ओलांडून खाली निघालेला असतो. स्टार्टरवर इंजिन १२० आरपीएमने फिरत असताना तेच २५ अंश कापायला ३५ मिलिसेकंद लागतात. पिस्टन अजून वरच चढतोय आणि दाब येऊन बसला. मग तो मागे फेकला जातो.

हे टाळण्यासाठी इम्पल्स कपलिंग असतं. ते मॅग्नेटोचा फिरता भाग स्प्रिंगने अडवून धरतं आणि पिस्टन माथ्याजवळ आल्यावर 'टक्' करून सोडतं: ठिणगी उशिरा पडते आणि जोरदार पडते. बहुतेक इंजिनांत ते फक्त डाव्या मॅग्नेटोला असतं. उजवा सुरू करताना गप्पच हवा, म्हणजे ग्राउंड केलेला हवा. किल्लीच्या स्विचमागे 'आर' (उजवा मॅग्नेटो) आणि 'जीआरडी' (ग्राउंड) या टोकांना जोडणारी एक छोटी पट्टी असते, ती हेच काम करते. दोन्ही मॅग्नेटोंना इम्पल्स असेल तर ती पट्टी काढायची असते. आमच्या हॅंगरच्या रांगेतल्या एका आरव्ही-६ ने पॅनेल नवं केल्यापासून स्टार्टर मोडायला सुरुवात केली होती. मालक दर वेळी आणखी दणकट स्टार्टर आणत होता. स्विच नवा बसवताना ती बोटाच्या पेराएवढी पट्टी जुन्या स्विचबरोबर कचऱ्यात गेली होती.

तपासायला अवघड नाही. स्टार्टर कॉन्टॅक्टरची कंट्रोल वायर काढून ठेवा, म्हणजे प्रॉप फिरणार नाही. उजव्या मॅग्नेटोवरून पी-लीड सोडवा आणि ती लीड व इंजिन केस यांच्यात ओहम मोजा. लीड सोडवलेला मॅग्नेटो आता 'चालू' आहे हे विसरू नका. प्रॉपला हात लावायचा नाही. किल्ली 'स्टार्ट'वर धरली असताना मीटर शून्याजवळ यायला हवा. येत नसेल तर दर वेळी सुरू करताना तुमचा उजवा मॅग्नेटो २५ अंशांवर ठिणगी टाकतोय. किल्लीऐवजी टॉगल स्विच बसवले असतील तर उत्तर आणखी सोपं: डावा चालू, उजवा बंद, इंजिन धरल्यावर उजवा चालू. चेकलिस्टवर ही ओळ हवी. आठवणीवर सोडायची ही गोष्ट नाही.

डाव्याचं इम्पल्स खरंच टकटकतंय का हेही ऐका. वर सांगितल्याप्रमाणे प्लग काढून प्रॉप हळू फिरवला की प्रत्येक सिलिंडरच्या माथ्याजवळ स्पष्ट टकटक यायला हवी. मधेच एखादी चुकत असेल, किंवा थंडीत येत नसेल आणि उन्हात येत असेल, तर आतली पॉल्स (फिरता भाग अडवणारे खटके) झिजलीत किंवा चिकट तेलाने जाम झालीत. मॅग्नेटो काढून तपासायला द्या.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. ते सुरू होताना टायमिंग स्वतःच मागे घेतात, पण त्यांना वीज त्याच बॅटरीतून मिळते. क्रँक करताना बसचा (विमानातल्या मुख्य वीजपट्टीचा) व्होल्टेज फार खाली गेला तर काही यंत्रणा अडखळतात. म्हणून वरची व्होल्टेजची चाचणी इथेही लागू: क्रँकिंगमध्ये इग्निशनच्या टोकांवर किती व्होल्ट पोचतात ते मोजा आणि उत्पादकाने दिलेल्या किमान आकड्याशी ताडून पाहा. हळू फिरणारा स्टार्टर आणि लवकर पडणारी ठिणगी हे जोडीनेच घात करतात.

इंजिन धरल्यावरही स्टार्टर सुटत नाही

किल्ली सोडली, इंजिन चालू झालं, पण एक-दोन सेकंद किंचाळल्यासारखा आवाज येत राहतो. दोन शक्यता. पहिली, कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटलेत. हे धोक्याचं आहे. मास्टर बंद करा, इंजिन बंद करा. पॅनेलवर 'स्टार्टर चालू'चा लाल दिवा यासाठीच असतो. तो नसेल तर कॉन्टॅक्टरच्या स्टार्टरकडच्या खांबावरून फ्यूज लावून एक वायर ओढायचं तेवढंच काम आहे.

दुसरी शक्यता फक्त कायमचुंबकाच्या हलक्या स्टार्टरांची. त्यांच्या अंगावर स्वतःचं सोलेनॉइड (पिनियन पुढे ढकलणारं विद्युतचुंबक) असतं. फायरवॉलवर वेगळा कॉन्टॅक्टर ठेवणारे लोक स्टार्टरचा मोठा खांब आणि सोलेनॉइडचं छोटं टोक एका पट्टीने जोडून टाकतात. किल्ली सोडल्यावर बाहेरचा कॉन्टॅक्टर उघडतो, पण मोटर अजून गरगरत असते, आणि चुंबक कायमचा असल्यामुळे ती जनरेटर होऊन त्याच पट्टीतून सोलेनॉइडला धरून ठेवते. पिनियन रिंग गियरमध्ये (प्रॉपमागच्या मोठ्या दातेरी चाकात) अडकून राहतो आणि इंजिन त्याला भरधाव फिरवतं. उपाय: ती पट्टी काढा, मोठ्या खांबाला कॉन्टॅक्टरची केबल राहू द्या आणि छोट्या टोकाला स्टार्टच्या स्विचवरून वेगळी वायर द्या. सोलेनॉइड ओढताना क्षणभर बराच प्रवाह घेतं, त्यामुळे मधे एक रिले घाला. पॅनेलच्या स्विचवर तो भार नको.

मोटर फिरते, प्रॉप फिरत नाही

जुना प्रेस्टोलाइट स्टार्टर असेल तर बेंडिक्स (पिनियन पुढे सरकवणारी यंत्रणा) अडकलाय. सॉल्व्हंटने धुवा, वाळवा, कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस लावलं तर आठवडाभर मस्त चालेल आणि मग प्रॉपमागची सगळी धूळ त्यावर जमून लगदा होईल.

रिंग गियरचे दातेही पाहा, पण सगळे. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठल्यातरी कॉम्प्रेशनपाशी थांबतं, म्हणजे समोरासमोरच्या दोनच जागी. पिनियन दर वेळी तिथेच आदळतो, म्हणून झीजही तिथेच जास्त. बाकीचे दाते नव्यासारखे असतात आणि फसवतात.

बदलायचाच असेल तर

आधी दाते मोजा. लायकॉमिंगच्या रिंग गियरला १२२ किंवा १४९ दाते असतात आणि स्टार्टर त्यानुसार वेगळा. "दिसायला सारखाच आहे" म्हणून चुकीचा बसवला तर दोन्हींचे दाते जातील.

बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडा. स्टार्टर चार ठिकाणी आवळलेला असतो. सहसा प्रॉप काढावा लागत नाही, पण खालचा एक नट असा लपलेला असतो की त्यासाठी एक पाना कापून आखूड करून ठेवणं शहाणपणाचं. लायकॉमिंगच्या तक्त्यात ३/८ इंचाच्या फास्टनरला १७ फूट-पाउंड टॉर्क दिलाय. बसवायची जागा आणि स्टार्टरचा तळवा स्वच्छ असू द्या, कारण तीच ग्राउंडची वाट आहे. केबलचा नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरा. नाहीतर खांब फिरतो आणि आतली जोडणी तुटते, आणि नवाकोरा स्टार्टर 'डेड ऑन अरायव्हल' म्हणून परत जातो.

रिंग गियर काढावा लागला तर एक गोष्ट विसरू नका: त्याच्या सपोर्टवर 'ओ' खूण असलेलं भोक क्रँकशाफ्टच्या फ्लॅंजवरच्या 'ओ' खुणेच्या बुशिंगवर बसतं. टायमिंगच्या खुणा याच गियरवर कोरलेल्या असतात. तो फिरवून बसवला तर पुढच्या वेळी मॅग्नेटोचं टायमिंग चुकीच्या खुणेवर लागेल, आणि पुन्हा किकबॅक.

नवा स्टार्टर एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. उन्हाळ्यात फ्युएल इंजेक्शनचं गरम इंजिन लवकर धरत नाही म्हणून मिनिटभर किल्ली दाबून बसणं हा स्टार्टर जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. मधे थंड होऊ द्या.

रोटॅक्स ९१२ असेल तर

इथे स्टार्टर मागच्या बाजूला असतो आणि इंजिनला ओव्हररनिंग क्लचमधून जोडलेला असतो. मोटर फिरतेय पण इंजिन घसरतंय असं वाटलं तर तो क्लच झिजलाय. फ्लायव्हील ओढायचं खास साधन लागतं, जुगाड करू नका. १०० अश्वशक्तीच्या ९१२ यूएलएसचं कॉम्प्रेशन ८० अश्वशक्तीवाल्यापेक्षा बरंच जास्त असल्याने कमजोर बॅटरी तिथे लगेच उघडी पडते. शिवाय क्रँकिंगचा वेग साधारण २२० आरपीएमच्या खाली असेल तर इग्निशन ठिणगीच देत नाही, त्यामुळे फिरतंय पण धरत नाही असं झालं तरी आधी बॅटरी आणि ग्राउंडच तपासा. चोक वापरताना थ्रॉटल पूर्ण बंद हवा, नाहीतर चोक काम करत नाही. दहा सेकंद क्रँक, मग दोन मिनिटं विश्रांती, ही मर्यादा उत्पादकाचीच आहे.

काम झाल्यावर लॉगबुकात नोंद करा आणि वजनाचा कागद काढा. जुना प्रेस्टोलाइट आठ किलोच्या आसपास भरतो, हलका स्टार्टर त्याच्या निम्म्याने. म्हणजे विमानाच्या अगदी नाकावरून चार किलो कमी झाले आणि गुरुत्वमध्य मागे सरकला. आरव्हीत मागे सामान भरून उडणाऱ्यांची मागची मर्यादा आधीच जवळ असते, तेव्हा नवा हिशेब करून मगच सामानाची पिशवी ठेवा.